शनिवारी आत न घेणारा लॅपटॉप: एका वायफाय कार्डाच्या कुरबुरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे एकच बऱ्यापैकी लॅपटॉप आहे, तोही कुणीतरी वापरून झाल्यावर देणगी म्हणून दिलेला. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं आणि कॉपीराइट संपलेली जुनी मासिकं स्कॅन करायची, रात्री टेसरॅक्ट या प्रोग्रॅमकडून त्यांचा मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर) करून घ्यायचा आणि सकाळी तपासायचं, एवढंच त्याचं काम. लॅपटॉपवर उबंटू २२.०४, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, मीच टाकून दिलं होतं. मी मूळचा तिथलाच, आता पुण्यात असतो. महिन्या-दीड महिन्यातून गावी गेलो की वाचनालयात चक्कर होते. एरवी सगळा कारभार फोनवर.

स्कॅनिंग करणारा मुलगा लिपिक म्हणून नवीनच लागला होता. मशिनची खरी मालकीण मात्र ग्रंथपाल बाई. त्यांची एक शिस्त या सगळ्यात फार उपयोगी पडली: रोज किती पानं स्कॅन झाली, लॅपटॉप कधी बंद पडला, कुणी काय केलं, हे सगळं त्या एका लांबट वहीत लिहून ठेवतात. अनुदानाच्या तपासणीला लागतं म्हणून नव्हे, सवय म्हणून.

हे प्रकरण लिहायचं कारण वेगळं आहे. लॅपटॉपमध्ये जो बिघाड होता त्यानं कुणाचंच काही अडत नव्हतं. इंटरनेट चालू होतं, फायली जात-येत होत्या. नुकसान केलं ते बिघाडाच्या तक्रारींनी. आणि त्या तक्रारी बंद करायच्या नादात मी दोनदा चुकीच्या दारावर टकटक केली.

तक्रार काय होती

पहिला फोन आला तो डिस्क भरल्याचा. १२८ जीबीची एसएसडी, प्रत्यक्षात वापरायला मिळते ११७ च्या आसपास. ग्रे रंगात ३०० डीपीआयनं स्कॅन केलेलं ए४ आकाराचं एक पान आठ-नऊ एमबीचं होतं. आठवड्याला सातशेक पानं धरली तर सहा जीबी. लॅपटॉपवर तेव्हा स्कॅनचे ४६ जीबी पडून होते. हिशेब सरळ दिसत होता. मी सांगितलं, बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा. त्यांनी हलवले, जागा झाली, मी विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन. "अरे, काल शनिवारी तो आतच घेत नव्हता. पासवर्ड टाकला की काळा होतो आणि परत पासवर्डच विचारतो. आज सोमवारी काय केलं नाही, नुसता चालू केला, तर गपगुमान आत."

"काल रविवार होता ना बाई?"

"रविवारी बंद असतं वाचनालय. काल म्हणजे परवा रे."

मी म्हटलं, बंद करून चालू केल्यानं बरा झाला असेल. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात आळशी उत्तर, आणि मी ते दिलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळीच तो अडला. लिपिकाचा फोन, मागे बाई. त्यांनी वहीतून वाचून दाखवलं: मागच्या वेळी शनिवार, या वेळी शुक्रवार. "एक दिवस अलीकडे सरकलाय बघ," त्या म्हणाल्या. तिथे मी खुर्चीत सावरून बसलो. यंत्र लहरीनं बिघडतं तेव्हा त्याला वार कळत नाही. वार कळतो तो वेळापत्रकाला.

पहिला निर्णय: घाईतलं खोडणं

पासवर्ड बरोबर असूनही उबंटू परत लॉगिनच्या पडद्यावर फेकत असेल तर पहिला संशय भरलेल्या डिस्कवर घ्यावा. डेस्कटॉपला सुरू होताना वापरकर्त्याच्या फोल्डरात दोन-चार छोट्या फायली लिहायच्या असतात. जागा नसली की तो गुपचूप माघार घेतो आणि कारणही सांगत नाही.

लिपिकाला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबायला सांगितलं. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांतलं लॉगिन आलं, तिथून तो आत गेला. डीएफ चालवलं, म्हणजे डिस्क किती भरली ते विचारलं: १०० टक्के, शिल्लक शून्य. मग व्हार फोल्डरातल्या लॉगवर, म्हणजे यंत्र स्वतःच्या घडामोडी लिहून ठेवतं त्या फायलींवर, डीयू, म्हणजे कोण किती जागा खातंय ते सांगणारी आज्ञा. त्यानं एकेक आकडा वाचला तसा मी लिहून घेतला. सिसलॉग (सगळ्या यंत्रणेची नोंदवही) १६ जीबी, त्याची आदल्या आठवड्याची प्रत १९. कर्न-लॉग (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही) १६, त्याचीही आदली प्रत १९. जर्नल (आणखी एक नोंदवही) ४. एकूण ७४ जीबी नुसते लॉग. मासिकांची पानं त्या वेळी होती २३ जीबी.

म्हणजे पहिल्या वेळी आम्ही हार्ड डिस्कवर हलवला तो माल निरपराध होता.

इथे मी घाई केली. "सिसलॉग उडवून टाक" म्हटलं. त्यानं आरएम मारलं, फाइल गेली. परत डीएफ: १०० टक्के. "दादा, फाइल गेली पण जागा आली नाही."

चूक जुनी आणि प्रसिद्ध आहे. लिनक्समध्ये फाइल खोडली म्हणजे तिचं नाव यादीतून निघतं. एखाद्या प्रोग्रॅमनं ती उघडून धरली असेल तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो, तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, आर-सिसलॉग, ती फाइल धरून बसला होता आणि नाव नसलेल्या फायलीत लिहीतच होता. सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा १६ जीबी मोकळे झाले. चालू लॉग रिकामा करायचा तर फाइल न खोडता ट्रंकेट या आज्ञेनं तिची लांबी शून्य करायची. आदल्या आठवड्याच्या प्रती कुणी धरलेल्या नसतात, त्या खोडल्या की जागा लगेच येते.

जागेपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. आत काय लिहिलंय हे न बघता मी पुरावा खोडायला सांगितला. नशीब एवढंच की उबंटूचा आर-सिसलॉग कर्नलचा प्रत्येक संदेश दोन ठिकाणी लिहितो, सिसलॉगमध्ये आणि कर्न-लॉगमध्येही. जर्नल तिसरीकडे. डिस्क भरायला हाच तिप्पटपणा कारणीभूत होता आणि पुरावा वाचवायलाही तोच कामी आला.

लॉगमध्ये काय होतं

कर्न-लॉगच्या शेवटच्या चाळीस ओळींचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. चाळीस ओळी म्हणजे चार ओळींचा एकच मजकूर, दहा वेळा. पहिली ओळ सांगते की पीसीआयई (मदरबोर्डाला कार्डं आणि डिस्क जोडणारी वाट) पोर्ट ००:१सी.५ ला दुरुस्त झालेल्या चुकीची खबर आली. दुसरी: पीसीआयई बस एरर, गांभीर्य करेक्टेड, प्रकार फिजिकल लेयर, म्हणजे विद्युत जोडणीच्या पातळीवरची. तिसऱ्या ओळीत दोन आकडे, स्थिती ००००००१ आणि आच्छादन ०००२०००, दोन्हींच्या आधी आणखी एकेक शून्य. चौथीत त्याच स्थितीचं नाव: रिसीव्हर एरर.

हे आकडे सोळाच्या पायावरच्या मोजणीतले (हेक्साडेसिमल) आहेत. दोनच्या पायावर मांडले की त्यांचं एकेक घर (बिट) एकेका प्रकारच्या चुकीचं असतं. शेवटचं घर, म्हणजे शून्य क्रमांकाचं, रिसीव्हर एररचं. समोरून आलेला विद्युत संकेत घेणाऱ्याला नीट वाचता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आच्छादनातला २००० म्हणजे तेरा क्रमांकाचं घर, ते सौम्य इशाऱ्यांचं. ते झाकलेलं असतंच, त्याकडे बघायचं कारण नाही.

यात कळीचा शब्द 'करेक्टेड'. पीसीआयईच्या तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाबरोबर तपासणीची बेरीज जाते. बेरीज जुळली नाही तर घेणारा नकार कळवतो आणि पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. हे सगळं हार्डवेअर आपापसात उरकतं, ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो फक्त एईआर नावाच्या खबऱ्याला, म्हणजे ॲडव्हान्स्ड एरर रिपोर्टिंगला. दुरुस्त होणारी चूक, न होणारी पण निभावणारी चूक आणि जीवघेणी चूक, तिन्हींच्या खबरा तो कर्नलला देतो. विंडोजमध्येही अशा खबरा ह्विआ-लॉगर नावानं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पडतात, फक्त तिथे सहसा कुणी फिरकत नाही.

मोजून बघितलं. मिनिटाला साधारण ४,१०० चुका, दर चुकीला चार ओळी, ओळीला सरासरी ११५ अक्षरं. तासाला ११३ एमबी, दिवसाला २.७ जीबी. दोन फायली म्हणून ५.४.

आणि शनिवार? २२.०४ मध्ये सिसलॉग आणि कर्न-लॉग आठवड्यातून एकदा पालटतात, रविवार लागला की. त्या वेळी चालू लॉगची जुनी प्रत होते आणि त्याआधीची प्रत दाबून बारीक केली जाते. त्याच चार ओळी असल्यामुळे १९ जीबीची फाइल दाबल्यावर चिमूटभर उरते. म्हणून शनिवारी रात्री लॉगचा ढीग सर्वांत उंच, रविवारी एकदम खाली. मशीन शनिवारी बंद केलं असलं तरी लॉग पालटणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रॅमचा टायमर हुकलेली फेरी पुढच्या वेळी सुरू होताच भरून काढतो. सोमवारी आपोआप बरं वाटायचं ते त्यामुळे. स्कॅनची पानं आठवड्याला सहा जीबीनं वाढत होती, म्हणजे लॉगच्या एका दिवसापेक्षा थोडी जास्तच. म्हणून अडण्याचा वार एक दिवस अलीकडे सरकला. बाईंच्या वहीनं पकडलेली गोष्ट शब्दशः खरी होती.

दोषी वायफायच हे कशावरून

लॉगमध्ये नाव होतं पोर्टचं, वायफायचं नव्हतं. इथे बरेच जण फसतात आणि मदरबोर्ड गेला म्हणून मोकळे होतात. पोर्ट म्हणजे दार. तक्रार दारानं केली म्हणून भांडण दारात आहे एवढंच कळतं. दारापलीकडे कोण राहतो ते बघायला जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेनं झाडाच्या आकाराचं चित्र काढलं. ००:१सी.५ च्या फांदीला एकच फळ, ०२:००.०, वायरलेस कार्ड. एसएसडी दुसऱ्याच फांदीवर.

मग साधी परीक्षा. वायफायचा ड्रायव्हर मोडप्रोब या आज्ञेनं काढला: गोंगाट थांबला. परत घातला: दोन सेकंदांत सुरू. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

पण खरा धागा लिपिकाच्या एका वाक्यानं मिळाला. फोनवर मी मागे लागलो होतो, आत्ता किती ओळी येतायत, आत्ता किती. तो म्हणाला, "दादा, अपडेट डाउनलोड होतंय ना, तोवर कमी आहेत. संपलं की परत धो धो." तार खराब असेल, कार्ड ढिलं असेल, तर जास्त वाहतुकीला जास्त चुका व्हायला हव्यात. इथे उलटं होतं. कार्डाला काम असलं की ते शहाण्यासारखं वागत होतं, रिकामं बसलं की ओरडत होतं. आणि ते सर्वांत जास्त रिकामं असायचं रात्री, ओसीआर चालू असताना.

रिकामपणी ओरडणाऱ्या कार्डाच्या बाबतीत संशय जातो एएसपीएमवर, म्हणजे ॲक्टिव्ह स्टेट पॉवर मॅनेजमेंटवर. वीज वाचवायला पीसीआयईची जोडणी काम नसताना डुलकी काढते. हलकी डुलकी एल०एस, गाढ झोप एल१. जाग आल्यावर दोन्ही टोकांना पुन्हा ताल जुळवावा लागतो. काही स्वस्त कार्डांचा हा ताल चुकतो आणि पहिले काही संकेत वाया जातात. झोप, जाग, चूक, दुरुस्ती, खबर. मिनिटाला ४,१०० वेळा.

समोरचे पर्याय

शुक्रवार रात्रीचे साडेआठ. पर्याय असे होते.

खबऱ्याचं तोंड बंद करणं. ग्रबमध्ये (लॅपटॉप सुरू होताना कर्नलला उठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कर्नलच्या ओळीत 'पीसीआय=नोएईआर' घातलं की एईआर पूर्ण गप्प. (टाइप अर्थातच रोमन बारीक अक्षरांत करायचं, मी इथे उच्चार लिहितोय.) दोन मिनिटांचं काम, फोनवर जमण्यासारखं. खोट अशी की हे वायफायपुरतं राहत नाही. ज्या एसएसडीवर मासिकांची पानं आहेत तिच्या जोडणीत खरोखर काही बिघडलं तरी कळणार नाही. मोजणीही थांबते, म्हणजे पुढे उपाय लागू पडला की नाही हे बघायला आकडाच उरत नाही.

आर-सिसलॉगमध्ये गाळणी लावणं. मजकूर फायलींत जाणार नाही, जर्नलमध्ये जाईल. जर्नल आपली मर्यादा पाळतो, फाइल सिस्टिमच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी. पण त्या ४ जीबीत काही तासांपूर्वीचं उपयोगाचं काही शिल्लक राहत नाही, सगळीकडे हाच गोंगाट.

'पीसीआय=नोएमएसआय' हा उपाय लोक फार सुचवतात. सगळ्या उपकरणांची हाक मारण्याची पद्धतच जुन्या वळणावर न्यायची, आणि त्यानं ओरड का थांबते हे सांगणारा सहसा भेटत नाही. उंदरासाठी घर जाळण्यातला प्रकार. सोडून दिला.

एएसपीएम बंद करणं. कारणाला हात घालणारा पर्याय. वीज थोडी जास्त जाईल, पण हा लॅपटॉप कायम चार्जरला असतो.

कार्ड काढून परत बसवणं, किंवा बदलणं. त्यासाठी गावी जायला हवं.

बायोस (मदरबोर्डावरचा, सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम) अपडेट. लॅपटॉप बनवणाऱ्याचा अपडेट विंडोजमधूनच चालणारा होता. देणगीचा लॅपटॉप, बॅटरी थकलेली, गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अर्ध्यात वीज गेली तर लॅपटॉपचा पाट होतो. मी आजही हे करणार नाही.

प्रत्यक्षात काय केलं

त्या रात्री मी नोएईआर घातलं. रात्रभर ओसीआर व्हायला हवा होता, बाईंना घरी जायचं होतं, लिपिक उपाशी होता. निर्णय तात्पुरता म्हणून चुकीचा नव्हता. चूक ही झाली की तो तात्पुरता असल्याची नोंद मी कुठेही केली नाही. ना ग्रबच्या फायलीत शेरा, ना बाईंच्या वहीत. आणि सगळं शांत झाल्यावर माझंही लक्ष उडालं. पाच आठवडे तो खबऱ्या तोंडाला फडकं बांधून बसला होता.

गावी गेलो तेव्हा केवळ वही चाळताना शुक्रवारची ती नोंद दिसली. "रात्री फोनवर दुरुस्ती केली." काय केली ते नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं.

नोएईआर काढलं. या वेळी कशालाही हात लावण्याआधी आकडा घेतला. कर्नल ५.१५ मध्ये पोर्टच्या सिसएफएस फोल्डरात (कर्नल उपकरणांची माहिती फायलींच्या रूपात दाखवतो तिथे) दुरुस्त झालेल्या चुकांची प्रकारवार मोजणी मिळते, लॉगमधल्या ओळी मोजत बसावं लागत नाही. दहा मिनिटांत ४१ हजारांच्या वर, सगळ्या रिसीव्हर एररच्या घरात. बाकीची घरं शून्य.

मग लॅपटॉपची पाठ उघडली. चुका फिजिकल लेयरच्या होत्या, तेव्हा ढिलं कार्ड ही शक्यता नुसत्या तर्कानं सोडणं बरोबर नव्हतं. कार्डाला अँटेनाच्या दोन बारीक तारा असतात, परकराच्या टिचबटणासारख्या दाबून बसणाऱ्या, फक्त आकार मुगाच्या दाण्याएवढा. काढायला सोप्या. बसवताना दुसरी वीस मिनिटं बसेना, बाई टॉर्च धरून उभ्या. कार्डाचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसले, परत बसवलं, स्क्रू घट्ट केला. आकडा: दहा मिनिटांत ३९ हजार. म्हणजे काहीच नाही. पण आता ते 'बघितलं आणि नाही' या रकान्यात गेलं.

पुढे एएसपीएम. ग्रबमध्ये 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' घातलं, रीस्टार्ट केलं, आणि आकडा जसाच्या तसा धावत राहिला. मी चक्रावलो. सिद्धान्तच चुकला की काय?

अर्धा तास गेल्यावर कर्नलची कागदपत्रं नीट वाचली. तिथे 'ऑफ'चा अर्थ दिलाय: कर्नल एएसपीएमच्या मांडणीला हात लावणार नाही, फर्मवेअरनं, म्हणजे बायोसनं, जे करून ठेवलंय ते तसंच राहील. या लॅपटॉपच्या बायोसनं डुलकी आधीच चालू करून ठेवली होती. मी कर्नलला म्हणालो, तू त्यात पडू नकोस. तो आज्ञाधारकपणे पडला नाही आणि कार्ड आपलं झोपत राहिलं. शब्दानं 'बंद', कृतीनं 'आहे तसं'. एलएसपीसीआयचं सविस्तर रूप मी आधीच बघितलं असतं तर तिथे 'एल१ एनेबल्ड' सरळ लिहिलेलं होतं.

इथे दोन वाटा होत्या. सगळ्या मशिनचं एएसपीएम धोरण 'परफॉर्मन्स' करायचं, की फक्त त्या एका कार्डाची झोप मोडायची. कर्नल ५.५ पासून सिसएफएसमध्ये प्रत्येक उपकरणाच्या 'लिंक' फोल्डरात एल०एस आणि एल१ साठी वेगवेगळ्या चाव्या मिळतात. मात्र 'ऑफ' घातलेलं असताना त्या चाव्या दिसतच नाहीत, कारण कर्नलनं त्या खात्यातून अंग काढून घेतलेलं असतं. ग्रबमधून 'ऑफ' काढलं, रीस्टार्ट केलं, चाव्या आल्या. कार्डाच्या दोन्ही चाव्यांत शून्य लिहिलं.

आकडा थांबला. खरोखर थांबला, पंख्याचा खटका बंद केल्यासारखा. बाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, थांबा, रात्रभर बघू.

सुरू होताना ते शून्य आपोआप लिहिलं जावं म्हणून सिस्टमडीची (सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणाऱ्या व्यवस्थेची) चार ओळींची सेवा केली. लॅपटॉपला स्वतःला झोपवणं तिथे आधीपासून बंद आहे, त्यामुळे जाग आल्यावर मांडणी बदलण्याचा प्रश्न आला नाही. ज्यांचा लॅपटॉप दिवसातून दहा वेळा झाकला जातो त्यांनी तेवढं तपासून घ्यावं.

लॉगची वेगळी तजवीज केली. जर्नलला ५०० एमबीची मर्यादा. आर-सिसलॉगमधून कर्न-लॉगची दुसरी प्रत बंद. लॉगरोटेटमध्ये सिसलॉगला २०० एमबीची कमाल मर्यादा, आणि टायमर दिवसाऐवजी तासाला. शेवटचं महत्त्वाचं, कारण लॉगरोटेट मर्यादा पाहतो ती त्याची पाळी आल्यावरच. दिवसातून एकदाच येणाऱ्या पहारेकऱ्याला कितीही कडक सूचना दिल्या तरी मधल्या वेळात ढीग साचतोच.

निकाल

रात्रभर ओसीआर चालला. सकाळी मोजणीत ११. मिनिटाला ४,१०० वरून रात्रभरात ११. त्या अकरांचं कारण शोधायच्या फंदात मी पडलो नाही. हार्डवेअर त्या दुरुस्त करतंय, खबऱ्या जागा आहे, लॉगला कुंपण आहे.

वायफायचा वेग बदलला नाही, चांगला नाही की वाईट नाही. बाहेरच्या डिस्कवर हलवलेले ४६ जीबी तिथेच ठेवले. ते चुकीच्या कारणानं हलवले होते, पण दुसरी प्रत असणं काही वाईट नाही.

पुन्हा करायचं तर

पहिल्याच फोनला मी आकारांची यादी मागवीन. 'डिस्क भरली' ऐकल्यावर सर्वांत मोठा दिसणारा ढीग हलवायचा मोह होतो. डीयूला दोन मिनिटं लागली असती आणि लॉगचे ५० जीबी त्याच दिवशी दिसले असते, तेव्हाही ते तिथे होतेच.

'परत चालू केल्यावर बरा झाला' याला मी उत्तर न मानता लक्षण मानीन. आपोआप बरं होणारं मशीन काहीतरी सांगत असतं, इथे ते लॉगरोटेटची वेळ सांगत होतं.

नोएईआर त्या रात्री बहुधा परत घालीन. पण बाईंना फोनवरच ओळ लिहून घ्यायला सांगेन: काय घातलं, का घातलं, कधी काढायचं. याबाबतीत माझ्या एका सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते त्या रात्री गाळणी लावणं पुरेसं होतं, एईआर गप्प करायला नको होतं. तत्त्वतः तो बरोबर आहे. पण गाळणीचा नियम फोनवरून अक्षर-अक्षर सांगून काळ्या पडद्यावर लिहून घेणं, समोर उपाशी लिपिक, हे त्यानं एकदा करून बघावं.

लॅपटॉपची पाठ उघडायच्या आधी मी एएसपीएमची परीक्षा घेईन. रिकामपणी जास्त ओरडतो हा धागा हातात असताना स्क्रूड्रायव्हरकडे वळायचं कारण नव्हतं. चाव्यांत शून्य लिहायला रीस्टार्टही लागत नाही. नको वाटलं तर एक लिहून परत जाता येतं. टिचबटण तुटलं असतं तर परत जाता आलं नसतं.

आणि कार्ड बदलायचं का हा प्रश्न उघडाच आहे. दुसऱ्या बनावटीचं कार्ड फार महाग नसतं. पण काही लॅपटॉपांचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं, आणि देणगीच्या मशिनवर तो जुगार खेळायला समिती तयार नाही. मलाही घाई नाही.

बाईंच्या वहीत आता एक रकाना वाढलाय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लिपिक मोजणीचा आकडा लिहितो. गेल्या महिन्यात ३७ होता. त्याच्यासमोर बाईंनी पेन्सिलनं लिहिलंय, "फार नाहीत ना? विचारणे."